पडद्यावरून चौकात

आपल्या बॅचमध्ये चित्रकलेच्या तासाला जे मोजके जण मन लावून बसायचे, त्यात मी होतो. अहमदपूर सोडून कोल्हापूरला कला शिकायला गेलो तेव्हा नातेवाइकांचा एकच प्रश्न होता: यानं पोट भरणार का? त्या प्रश्नाच्या काळात मला बाबूराव पेंटर भेटले. म्हणजे त्यांचं काम भेटलं. ते तर १६ जानेवारी १९५४ लाच गेले होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरात, ३ जून १८९० चा. वडील कसबी कारागीर. चुलत बंधू आनंदरावांबरोबर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं. सिनेमाचा ध्यास दोघांचा, पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी कॅमेरा घरीच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पैसा तानीबाई कागलकरांनी दिला होता. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी होता, व्ही. शांताराम यांनी केलेला. आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मग १९२९ साल आलं. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. दोनेक वर्षांत बाबूरावांची कंपनी बंद झाली. पुढे त्यांनी अधूनमधून बोलपट केले, पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते दुसरीकडे. ज्या गावात वैभव पाहिलं, त्याच गावात राहून त्यांनी पुन्हा कुंचला धरला, माती मळली, पुतळे घडवले. हे शिकायला ते कुठल्या कलाशाळेत गेले नव्हते. मातीत चुकलं तर पुसून पुन्हा करता येतं, पण साचा काढून धातू ओतला की संपलं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर असल्या कामात उतरायला धीर लागतो. आपण सगळे आता निवृत्त झालो आहोत, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितो.

कोल्हापूरच्या एका चौकात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात त्याची विटंबना झाली. १९४५ मध्ये तिथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, तो बाबूरावांच्या हातचा. हाच आजचा शिवाजी चौक.

मूकपट ‘सावकारी पाश’ची प्रत आज कुठे पाहायला मिळत नाही. पुतळा मात्र उन्हापावसात आहे. शिकत असताना मी त्याच्या समोर वही घेऊन बसायचो. येणारे-जाणारे महाराजांना हात जोडायचे. हा कुणी केला, असं मी विचारलं की बहुतेक जण मान हलवून पुढे जायचे.