श्रम हेच शुल्क : कर्मवीर भाऊराव पाटील

भगवान ऋषभदेवांना आपण आद्य तीर्थंकर म्हणून वंदन करतो, तसेच मानवजातीचे आद्य शिक्षक म्हणूनही त्यांचे स्मरण करतो. कल्पवृक्षांचा आधार सरला आणि प्रजा भयभीत झाली, तेव्हा असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे त्यांनी लोकांस शिकविली. ब्राह्मी व सुंदरी या आपल्या कन्यांना लिपी व अंक यांचे ज्ञान दिले, असे आपली पुराणे सांगतात. दुसऱ्याच्या दारी उभे राहण्याची वेळ येऊ नये म्हणून हाताला काम आणि बुद्धीला विद्या एकाच वेळी द्यावी, हा या कथेचा बोध आहे. विसाव्या शतकात हा बोध दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्यांनी कृतीत उतरविला, ते पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने आपल्याच समाजातील होते. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांच्या चरित्राचे मनन करणे औचित्याचे ठरेल.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, मातोश्री गंगाबाई. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात बहुजन समाजाच्या शिक्षणाचे नवे वारे वाहत होते. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

हा प्रसंग आपल्या समाजाच्या दृष्टीने सुखद नाही. तथापि तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. अहिंसा व जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाच्या एका तरुणाने त्या वारशाचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांपेक्षा अधिक खोलवर जाणला होता. पुढे भाऊरावांच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली, त्या पंगतीचे बीज या घटनेत होते.

शालेय शिक्षणात भाऊरावांना मॅट्रिकची पायरी ओलांडता आली नाही. रूढ अर्थाने त्यांचे शिक्षण तेथेच संपले; परंतु खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले, असे म्हणणे अधिक योग्य होईल. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. नंतर ओगले काच कारखाना व किर्लोस्कर बंधूंचा कारखाना यांचे फिरते विक्रेते म्हणून त्यांनी गावोगाव पायपीट केली. सातारच्या कूपर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. लोखंडी नांगर विकणे त्या काळी सोपे नव्हते. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत दृढ होती. अशा ग्राहकाला केवळ बोलण्याने पटत नाही. नांगर रानात चालवून दाखवावा लागतो. प्रौढ माणूस डोळ्यांनी पाहून व हातांनी करून शिकतो, हे सत्य या व्यवसायात कोणालाही उमगावे असे होते. त्याच फिरतीत भाऊरावांनी खेड्यांचे दारिद्र्य जवळून पाहिले आणि त्याचे मूळ अज्ञानात आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी ही जाणीव अधिक पक्की केली.

1910 च्या सुमारास दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम उभारण्याच्या कार्यात ते सहभागी झाले होते. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि त्याच वर्षी तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात मुले स्वतः पाणी भरीत, स्वयंपाकात हातभार लावीत, शेतात राबत आणि मग अभ्यासाला बसत.

हे वसतिगृह चालविणे म्हणजे रोजची कसोटी होती. या कसोटीत भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांचा वाटा त्यांच्याइतकाच मोलाचा आहे. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जवळ केले. कोठारात धान्य उरले नाही, तेव्हा एकेक करून अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस सौभाग्याचे लेणे असलेले मंगळसूत्रही मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून देऊन टाकले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. अपरिग्रह हे व्रत आपण व्याख्यानांतून ऐकतो. लक्ष्मीबाईंनी ते स्वयंपाकघरात आचरून दाखविले.

भाऊरावांच्या कार्याचा गाभा कमवा आणि शिका या योजनेत आहे. गरीब विद्यार्थ्याला फुकट शिक्षण द्यावे, असा विचार करणारे दाते त्या काळीही होते. भाऊरावांनी एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थ्याने आपल्या श्रमाने शिक्षणाचे मोल द्यावे, म्हणजे तो कोणाचाही मिंधा राहणार नाही, अशी त्यांची धारणा होती. 1940 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 चे छत्रपती शिवाजी कॉलेज यांत या तत्त्वाला प्रत्यक्ष रूप मिळाले. खडकाळ जमीन फोडणे, बांधकामावर दगड-माती वाहणे, शेती करणे ही कामे विद्यार्थी करीत आणि त्या श्रमावर त्यांचा शिक्षणाचा व निवासाचा खर्च भागे. यातून दोन गोष्टी साधल्या. शेतकऱ्याचा मुलगा शिकून शेतीची लाज बाळगीनासा झाला आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या श्रमाला कमीपणा मानला जाई, त्यांच्या मुलांच्या हातीही कुदळ आली.

मुलांना शिकवायचे तर शिक्षक हवेत, आणि खेड्यात राहण्यास तयार असलेले शिक्षक हवेत. म्हणून 1935 मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. ज्या वाडीवस्तीवर शाळाच नव्हती, तेथे 1937-38 पासून व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. गावाने देऊळ, चावडी अथवा धर्मशाळेत जागा द्यावी, शिक्षकाची सोय पाहावी आणि शाळा आपली मानावी, अशी ही रचना होती. ज्यांनी स्वतः कधी पाटी हाती धरली नव्हती, ते गावकरी या निमित्ताने शाळेचे पालक झाले. पुढे या शाळांची संख्या पावणेसहाशेच्या घरात गेली. एका गावाला शाळा चालविता येते, हा आत्मविश्वास प्रौढांना मिळणे हेही मोठेच लोकशिक्षण होते. याच सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये प्रौढांच्या साक्षरतेसाठी ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. अशा मोहिमेस लागणारी भूमी भाऊरावांसारख्यांनी आधीच नांगरून ठेवली होती.

1959 हे वर्ष भाऊरावांच्या आयुष्यातील अखेरचे ठरले. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या पुरुषाला विद्यापीठाने पदवी देऊन गौरवावे, ही घटना आजन्म शिकत राहणाऱ्या वृत्तीचाच सन्मान होता. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेच्या शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, सहा अध्यापक विद्यालये आणि तीन महाविद्यालये उभी होती. संस्थेचे बोधचिन्ह असलेला वटवृक्ष त्यानंतरही विस्तारत गेला. 2019 मध्ये रयत शिक्षण संस्थेने शताब्दी पूर्ण केली आणि 2021 मध्ये साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले.

समाजबांधवहो, आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने आपल्या धर्माने सांगितली आहेत. आपल्या समाजात दानशूरांची उणीव कधीच नव्हती. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन, छायाचित्र काढून दान पूर्ण झाले असे आपण मानतो. परंतु घेणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय उमटते, याचा विचार क्वचितच करतो. भाऊरावांच्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला ज्ञानदानासोबत अभयदानही मिळत असे, कारण त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नव्हती. त्याने आपले शुल्क घामाने चुकते केलेले असे.

आज काळ बदलला आहे. दगड फोडण्याऐवजी यंत्र चालविणे, हिशेब ठेवणे, रुग्णांची शुश्रूषा करणे, संगणकावर काम करणे ही नवी शिल्पकर्मे आहेत. शिक्षण अर्धवट सुटलेले तरुण, संसाराचा भार एकटीने वाहणाऱ्या भगिनी आणि चाळिशीत व्यवसाय बुडाल्याने खचलेले गृहस्थ आपल्याही समाजात आहेत. त्यांना मदतीच्या यादीतील एक नाव होणे रुचत नाही, म्हणून पुष्कळदा ते आपल्यापर्यंत येतच नाहीत. अशांसाठी शिकता शिकता कमावण्याची आणि कमावता कमावता शिकण्याची सोय आपल्या संस्थांनी केली, तर ते कर्मवीरांचे खरे स्मारक ठरेल. ज्या तरुणाला एकेकाळी समाजाच्या वसतिगृहाचे दार सोडावे लागले, त्याने हजारो मुलांसाठी दारे उघडली. आपली दारे किती रुंद आहेत, हे पाहण्याचे सुवर्णमहोत्सव हे योग्य निमित्त आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि सौ. लक्ष्मीबाई यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.