दगड वाचणारे पाद्री : स्टीफन हिस्लॉप



घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या पात्रातला दगड आणून मुलं हमखास विचारतात, बाई, यात डायनासोर असेल का? दप्तरात दगड भरणाऱ्यांवर मीही ओरडले आहे. पण प्रश्न चांगला आहे.

आपल्या शिरूर-दौंडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. उकळत्या रसात जीवाश्म कसा टिकणार? त्यासाठी गाळ लागतो. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथल्या चुनखडीत आणि पंकाश्मात, म्हणजे चिखल दाबून तयार झालेल्या दगडात, ज्युरासिक काळातले मासे सापडतात. गावाच्या नावावरून या थरांना कोटा शैलसमूह म्हणतात.

या भागातले जीवाश्म जगापुढे आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. जन्म 8 सप्टेंबर 1817, स्कॉटलंडमधील डन्स गावी. 1845 मध्ये ते नागपुरात आले, ते धर्मप्रसारासाठी. हे लपवायचं कारण नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

दगडांचा नाद मात्र सुटला नाही. 1851 मध्ये नागपूरजवळ टाकळीला त्यांना आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोड्या पाण्यातले शंख दगडात सापडले. तिथे दोन लाव्हांच्या मध्ये तळ्याचा गाळ अडकला होता! मग ते खोऱ्याखोऱ्यांतून नमुने जमवू लागले आणि लंडनला पाठवू लागले. कोट्याच्या माशांचे भाऊबंद युरोपातल्या ज्युरासिक खडकांत माहीत होते, त्यामुळे मासा ओळखला की थराचं वय कळे. आपण पिंपळाचं पान बघून झाड सांगतो ना, तसंच. प्राणहिता खोऱ्यातल्या मालेरीला मिळालेल्या एका माशाच्या दातांना तर हिस्लॉप यांचंच नाव दिलं गेलं.

गोंड लोकांची गाणी आणि कथाही त्यांनी लिहून घेतल्या. त्या 1866 मध्ये छापल्या गेल्या, पण ते पाहायला हिस्लॉप नव्हते. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून संध्याकाळी परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. मध्य भारतातल्या जीवाश्म दातांविषयी आणि हाडांविषयी लिहिलेली त्यांची पत्रं 1864 मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात छापून आली.