फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड : लेखक आणि जलाशयकर्ता

भारतीय परंपरेत विहीर, तलाव आणि उपवन यांची निर्मिती पूर्तधर्मात गणली गेली आणि तलाव बांधविणाऱ्याचे नाव शिलालेखांतून टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र एका उद्यानकाराने याच्या नेमके उलट साध्य डोळ्यांपुढे ठेवले. आपण खणलेले तळे हे कोणी खणलेले आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानीही येऊ नये, अशी त्याची धारणा होती. हा उद्यानकार म्हणजे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. उद्यानांकडे वळण्यापूर्वी तो लेखक होता, आणि ही दोन्ही अंगे एकत्र पाहिल्याखेरीज त्याचे चरित्र पुरते उलगडत नाही.

ओल्मस्टेडचा जन्म २६ एप्रिल १८२२ रोजी कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपणीच तो आईला पारखा झाला. पुढे दृष्टिदोषामुळे त्याचे विद्यापीठीय शिक्षणही राहून गेले. १८४३ मध्ये साधा खलाशी म्हणून त्याने चीनचा प्रवास केला. परतल्यावर शेती केली. १८५० मध्ये तो इंग्लंडात पायी हिंडला. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड येथे जोसेफ पॅक्स्टनने उभारलेले सार्वजनिक उद्यान त्याने पाहिले. पाणथळ जमिनीचा निचरा करून तेथे तळी खणलेली होती आणि निघालेल्या मातीचेच उंचवटे रचले होते. सर्व थरांतील लोकांना तेथे मुक्त प्रवेश होता, ही गोष्ट त्याच्या मनावर विशेष ठसली. या प्रवासावरील त्याचा ग्रंथ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस एका न्यूयॉर्कच्या दैनिकाचा वार्ताहर म्हणून तो दक्षिणेकडील गुलामगिरीच्या राज्यांत गेला. या भ्रमंतीतून तीन प्रवासग्रंथ निर्माण झाले आणि १८६१ मध्ये त्यांचे सार ‘द कॉटन किंगडम’ या नावाने प्रकाशित झाले. या लेखनात भावनेच्या आवाहनापेक्षा निरीक्षणावर भर आहे. गुलामाचे काम, अवजारे, अन्न आणि त्यावरील खर्च यांची तो बारकाईने नोंद करतो आणि ही प्रथा सबंध समाजाला दरिद्री करते, या निष्कर्षाप्रत येतो. कापसाच्या संपत्तीमागे दडलेले श्रम उघड करणे, हे या ग्रंथांचे मर्म होय.

१८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कचा अधीक्षक म्हणून त्याची नियुक्ती झाली. पुढील वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुविशारदाच्या सहकार्याने केलेला त्याचा आराखडा स्पर्धेत प्रथम ठरला. दलदलीचा निचरा झाला, तळ्याचा तळ खोदला गेला आणि १८५८ च्या डिसेंबरातच लोक त्याच्या गोठलेल्या पृष्ठावर घसरू लागले. आज तेथे दिसणारे पाणी नगराच्या जलवाहिन्यांतून येते. परंतु याच भूमीवर पूर्वी सेनेका व्हिलेज ही मुख्यतः स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथे त्यांच्या मालकीची घरे, चर्च आणि शाळा होती. १८५७ च्या अखेरपर्यंत ती सारी वस्ती हटविण्यात आली. भूसंपादनाचा निर्णय ओल्मस्टेडच्या नियुक्तीपूर्वीचा होता, हे खरे. तथापि दक्षिणेतील श्रमिकांची नोंद ठेवणाऱ्या या लेखकाचे पहिले मोठे शिल्प अशा पुसलेल्या वस्तीवर उभे राहिले, हेही विसरता येत नाही.

यादवी युद्धात सैनिकांच्या आरोग्यविषयक आयोगाचे चिटणीसपद सांभाळून तो पुन्हा उद्यानांकडे वळला. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये त्याने व व्हॉक्सने धबधबा, ओढा आणि सुमारे ६० एकरांचे सरोवर अशी सलग जलमालिका रचली. तिचे पाणी सुरुवातीस विहिरीतून वाफेच्या यंत्राने उपसले जाई. शिकागोतील दोन उद्यानांना कालव्याने जोडण्याची योजना त्यांनी १८७१ मध्ये मांडली. त्याच वर्षीच्या भीषण आगीमुळे ती रखडली, आणि त्या कालव्यात पाणी कधीच खेळले नाही. आज तेथे खोलगट हिरवळ आहे. बॉस्टनच्या फेन्समध्ये तर उद्यानाचे रूप हे केवळ आवरण होते. मैल्याने दूषित झालेल्या खाडीची शुद्धी आणि पुराच्या पाण्याची साठवण हे त्या रचनेचे खरे प्रयोजन होते. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झाल्यावर भरतीचे खारे पाणी थांबले आणि त्याने योजिलेली खारी वनस्पतिसृष्टी नष्ट झाली.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठी त्याने जॅक्सन पार्कच्या दलदलीतून जलाशय व वनराजीयुक्त बेट घडविले. त्यानंतर लवकरच त्याची स्मृती ढळू लागली. १८९५ मध्ये तो निवृत्त झाला. अखेरची वर्षे त्याने मॅक्लीन मनोरुग्णालयात काढली. त्या रुग्णालयाच्या जागेविषयी पूर्वी त्याचाच सल्ला घेण्यात आला होता. २८ ऑगस्ट १९०३ रोजी तो तेथेच निधन पावला.

लेखक म्हणून ओल्मस्टेडने झाकलेले श्रम दाखविले, उद्यानकार म्हणून ते झाकले. या विसंगतीला केवळ दांभिकता म्हणणे अन्यायाचे होईल. श्रमाने थकलेल्या नगरवासियाला श्रमाची आठवण न देणारे स्थान लाभावे, हीच त्यामागील करुणा होती. परंतु आपल्या शिलालेखांत तलाव बांधविणाऱ्याचे नाव असते आणि खणणाऱ्यांचे बहुधा नसते. त्याच्या तळ्यांकाठीही विस्थापितांची नावे दीर्घकाळ नव्हती. ती शोधण्यासाठी आवश्यक असलेली दृष्टी मात्र त्याच्याच प्रवासग्रंथांतून मिळते.