माळावरची वसाहत

उंब्रजच्या मुलांनी कऱ्हाडास आगगाडी धरून सांगलीकडे प्रवास केला, तर वाटेत किर्लोस्करवाडी लागते. पूर्वी तेथे निवडुंगाचे ओसाड माळरान होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली झाला. मुंबईत शिक्षक असताना हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे त्यांनी लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली! पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागाही सोडावयास लावली.

फ्रान्समधील विचारवंत शार्ल फूरिए याने श्रम आणि घर एकत्र नांदतील अशा वसाहतीचे चित्र रंगविले होते. साहाय्य करणाऱ्या धनिकाची तो रोज दुपारी बारा वाजता वाट पाही. कोणी आला नाही. लक्ष्मणरावांना मात्र औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी भेटले. त्यांनी दिलेल्या 32 एकर माळावर 1910 साली कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहू लागली. अस्पृश्यता तेथे पाळावयाची नाही, असा दंडक होता. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे, रात्रीची राखण त्यांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर सोपविली. ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे, त्यांच्या भरवशावर वसाहत निजू लागली.

लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले.