मुशीचा पूर आणि विश्वेश्वरय्या

हैदराबाद शहराच्या मधून मुशी नदी वाहते. १९०८ सालच्या सप्टेंबर महिन्यात तिच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि २८ तारखेस नदीचे पाणी काठच्या वस्तीत शिरले. पूल वाहून गेले, हजारो घरे कोसळली. सुमारे पंधरा हजार माणसे प्राणांस मुकली, असा अंदाज आहे. अफजलगंज येथील रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक मोठे झाड होते. त्याच्या फांद्यांना बिलगून राहिलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी बचावली.

असा प्रसंग शहरावर पुन्हा ओढवू नये, म्हणून निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील लवकर वारल्यामुळे शिकवण्या करून त्यांनी बंगलोरास शिक्षण घेतले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते इंजिनियर झाले व १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपल्या कल्पनेने नवे दरवाजे बसविले. ठरावीक पातळीपर्यंत हे दरवाजे पाणी अडवीत. पाणी त्याहून वर चढले की आपोआप उघडत. धरणाची भिंत न वाढविता तेथे सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले.

१९०९ च्या एप्रिलमध्ये विश्वेश्वरय्या हैदराबादेस आले. पूर शहरात आला होता. पण त्याचे कारण त्यांनी शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगास शोधले. पावसाच्या नोंदी त्यांनी मिळविल्या आणि खोऱ्याची पाहणी केली. त्या सुमारे ८६० चौरस मैलांच्या खोऱ्यात ७८८ तळी होती. इतकी तळी असता पूर यावा कसा? तळी लहान, त्यांचे बांध मातीचे. वरचे तळे फुटले की त्याचा लोंढा खालच्या तळ्यावर आदळे आणि तेही फुटे. अशी २२१ तळी फुटली होती. ज्यांनी पाणी अडवावयाचे, त्यांनीच पुरात भर घातली!

यावर विश्वेश्वरय्यांनी सुचविलेला उपाय असा : शहराच्या वर काही मैलांवर दोन मोठे जलाशय बांधावेत, एक मुशीवर व दुसरा तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर. पाऊस कोसळू लागला की पाणी तेथे अडावे आणि शहरातील पात्रात मावेल तेवढेच दरवाजांतून खाली सोडावे. मात्र त्यासाठी जलाशय काठोकाठ भरून चालणार नाही. येणाऱ्या पुरासाठी काही जागा रिकामी राखली पाहिजे. तलाव बांधावयाचा आणि त्यातील रिकामी जागा जपावयाची, हे ऐकावयास चमत्कारिक वाटते खरे. पण साऱ्या योजनेचे मर्म त्या रिकाम्या जागेतच होते. शहरात नदीचे काठ उंच करावेत, मैल्याच्या निचऱ्यासाठी जमिनीखालून गटारे बांधावीत, असेही त्यांनी सुचविले.

१९०९ च्या ऑक्टोबरात अहवाल सादर करून ते म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनियर म्हणून निघून गेले. पुढे ते तेथील दिवाण झाले. इकडे मुशीवरील उस्मानसागर १९२० साली पुरा झाला. दोन वर्षांनी, वयाची साठी ओलांडलेले विश्वेश्वरय्या गटारांच्या कामासाठी पुन्हा हैदराबादेस आले. ईसीवरील हिमायतसागर मात्र १९२७ साली पूर्ण झाला. त्या भयंकर पुराला तेव्हा एकोणीस वर्षे होऊन गेली होती.