सिरॉको पंख्याचे जनक : सर सॅम्युएल डेव्हिडसन

पंखा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे छताला टांगलेली तीन पाती उभी राहतात. परंतु गिरणीत, खाणीत, आगबोटीच्या पोटात किंवा विजेच्या अवजड मोटरीच्या पाठीवर जो पंखा अहोरात्र राबत असतो, त्याचे रूप अगदी निराळे. तो लोखंडी कवचात बंद असतो. आतील चक्र पिंपाच्या आकाराचे असून त्याच्या परिघावर अरुंद पट्ट्यांची दाट रांग बसविलेली असते. ह्या चक्राचा उगम एका चहाच्या मळ्यातील अडचणीत आहे, आणि तो मळा आपल्याच देशात, आसामातील काछाड जिल्ह्यात होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

सॅम्युएल क्लीलंड डेव्हिडसन ह्यांचा जन्म १८४६ च्या नोव्हेंबर महिन्यात आयर्लंडमधील बेलफास्ट शहरानजीक, डाउन परगण्यात झाला. बेलफास्टच्या एका नामांकित शाळेत त्यांचे शिक्षण झाले खरे, परंतु पंधराव्या वर्षीच शाळा सुटली आणि ते एका स्थापत्य अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. पुढे वडिलांनी काछाडातील एका मळ्यात भागी घेतली आणि १८६४ साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, हा मुलगा हिंदुस्थानास निघाला. पदवी नाही म्हणून पुढचा मार्ग खुंटला, असे आपल्या समाजातील पालक मुलांच्या देखत फार सहजपणे बोलून जातात. मी चाळीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून ते ऐकत आलो, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदविला.

तो काळ चहाच्या सट्ट्याचा होता. जंगल तोडावे, मळा लावावा आणि कागदावरच विकून मोकळे व्हावे, असा प्रकार सर्रास चाले. १८६६ च्या सुमारास हा फुगा फुटला आणि पुष्कळ मळेवाले देशोधडीस लागले. डेव्हिडसन मात्र टिकून राहिले व पुढे भागीदारांचे वाटे विकत घेऊन मळ्याचे मालक झाले. मळ्यावर खपणारे मजूर दूरदूरच्या प्रांतांतून कराराने बांधून आणलेले असत आणि तापाने व उपासमारीने त्यांतील कितीतरी तेथेच मरण पावत. मळेवाल्यांच्या चरित्रांत ह्या माणसांची नावे सापडत नाहीत. चहा मात्र त्यांच्याच हातांनी वळला जात होता.

झाडावरून खुडलेले पान प्रथम पसरून मऊ पडू देतात, मग ते वळतात, नंतर काही वेळ आंबू देतात आणि अखेरीस वाळवितात. ह्यांतील शेवटची क्रिया फार नाजूक. त्या काळी लाकडी कोळशाच्या शेगडीवर टोपल्या किंवा चाळण्या ठेवून पान भाजले जाई. धूर पानास लागे, कडेचे पान करपे, मधले ओलसर राही आणि कोळशासाठी रान उजाड होई. डेव्हिडसन ह्यांच्या ध्यानात आले की पानाला विस्तव नको आहे, वारा हवा आहे. दोरीवरचे धुणे उन्हापेक्षा वाऱ्याने लवकर वाळते, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणी जाणते. त्यांनी तेच तत्त्व मळ्यात आणले. भट्टीचा धूर वेगळ्या धुराड्याने बाहेर काढून द्यावयाचा, स्वच्छ हवा निराळ्या मार्गाने तापवावयाची आणि ती चाळण्यांतून वर जाऊ द्यावयाची, अशी यंत्ररचना त्यांनी सिद्ध केली. सहारा वाळवंटाकडून भूमध्य समुद्रावर येणाऱ्या उष्ण वाऱ्यास सिरॉको म्हणतात. तेच नाव त्यांनी ह्या यंत्रास दिले.

मायदेशी परतल्यावर प्रारंभी ही यंत्रे दुसऱ्यांच्या कारखान्यात तयार होत. १८८१ साली बेलफास्ट येथे लगान नदीच्या पूर्वतीरी त्यांनी अवघ्या सात कामगारांनिशी स्वतःचा सिरॉको कारखाना सुरू केला.

खरा प्रश्न येथून पुढे उभा राहिला. तापलेली हवा आपोआप वर चढते, परंतु तिचा जोर बेताचाच. पानाचे थर वाढविले की ती अडते. तिला ढकलावयास पंखा पाहिजे. त्या वेळचे केंद्रोत्सारी पंखे, म्हणजे मध्यभागी हवा ओढून परिघाकडे फेकणारे पंखे, आकाराने अवाढव्य असत. त्यांना थोडी, रुंद आणि खोल पाती असत. मधला बराचसा भाग ह्या पात्यांनीच व्यापल्यामुळे हवेला आत शिरण्याचीच अडचण होई. डेव्हिडसन ह्यांनी हा सारा बेत उलटा केला. १८९८ साली त्यांनी जो पंखा सिद्ध केला त्याच्या चक्राला तब्बल ६४ पाती होती. खोली अगदी थोडी, लांबी पुष्कळ, आणि वळण फिरण्याच्या दिशेने पुढे झुकलेले. मधला भाग सगळा मोकळा. पात्याच्या कडेचा जो वेग, त्याहून अधिक वेगाने हवा त्या वळणातून पुढे फेकली जाते. त्यामुळे लहान चक्र, कमी फेरे आणि कमी आवाज ह्यांत तेवढीच हवा मिळू लागली. चहाच्या पानासाठी शोधलेली वस्तू खाणींत आणि जहाजांवर गेली. त्याच शहरात बांधल्या गेलेल्या आणि १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक आगबोटीवरही सिरॉको पंखे होते.

ह्या पंख्याचा दोषही सांगितला पाहिजे, नाही तर चरित्र हे स्तोत्र होते. हवेच्या वाटेतील अडथळा कमी झाला की हा पंखा अधिकाधिक हवा ओढतो आणि त्याबरोबर चालविणाऱ्या मोटरीवरील भारही वाढत जातो. झडप उघडी टाकली तर मोटर जळण्याची भीती असते. शिवाय उथळ पात्यांत धूळ बसते. म्हणून जेथे विजेची बचत महत्त्वाची, तेथे आज पाती मागे झुकलेले पंखेच बहुधा घेतात. जागा थोडी आणि आवाज नको असेल तेथे डेव्हिडसन ह्यांचा पंखा अजूनही आढळतो. खिडकीत बसविलेला एसी, मोटारगाडीतील हवेची पेटी आणि स्वयंपाकघरातील चिमणी ह्यांत तो आहे.

विजेच्या मोटरीशी त्याचे दुहेरी नाते आहे. मोटर त्याला फिरविते आणि तो मोटरीला निववितो. मोटरीत जाणाऱ्या विजेचा काही अंश उष्णतेत जातोच. आतील तारांच्या वेटोळ्यांवरील रोधक आवरण त्या उष्णतेने झिजते. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा स्थूल नियम आहे. लहान मोटरीच्या शेपटीलाच पंखा बसविलेला असतो व तेवढे पुरते. परंतु मोटर मंद फिरू लागली की तिचा पंखाही मंद होतो, आणि ओझे जड असेल तर नेमकी तेव्हाच उष्णता अधिक! खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या विजेच्या इंजिनाचा विचार करा. गती थोडी, ओढ प्रचंड. म्हणून अशा ठिकाणी निराळ्या छोट्या मोटरीवर चालणारा ब्लोअर ठेवून मुख्य मोटरीत सतत वारा भरतात. सगळेच ब्लोअर सिरॉको जातीचे नसतात, परंतु पोलादाच्या गिरण्यांतील मोठ्या मोटरींच्या माथ्यावर पुढे झुकलेल्या पात्यांची ही पिंपे पुष्कळ दिसतात.

डेव्हिडसन ह्यांचे उत्तरायुष्य कीर्तीचे होते, सुखाचे म्हणता येणार नाही. कारखान्याची धुरा वाहणारा त्यांचा पुत्र जेम्स पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल झाला आणि फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर, लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी पडला. सत्तरीला टेकलेल्या पित्याने कारखाना पुढे चालविला. १९२१ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बँगर येथील राहत्या घरी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे कारखाना बराच काळ चालला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो बंद पडला आणि नदीकाठच्या त्याच्या इमारती पाडण्यात आल्या.