पुसदचे आमदार वसंतराव नाईक

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात पुसद हा तालुका आहे. या तालुक्यात गहुली नावाचा एक तांडा आहे. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. पूर्वी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि त्यांचा हा व्यापार बुडाला. मग अनेक तांडे एका जागी स्थिर झाले व शेती करू लागले. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. गहुलीचे नाईक फुलसिंग यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

त्या काळी तांड्यातील मुलांना शिक्षण मिळणे फार कठीण होते. वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण एका गावी झाले नाही. जिथे शाळा मिळेल तिथे जाऊन ते शिकले. पुढे अमरावती व नागपूर येथे त्यांनी शिक्षण घेतले. १९३८ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९४० मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता. त्यामुळे दोन्हीकडचे लोक नाराज झाले. पण वसंतराव व वत्सलाबाई आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

वसंतरावांनी पुसद येथे वकिली सुरू केली. कोर्टात येणाऱ्या शेतकऱ्यांची दुःखे त्यांना जवळून दिसू लागली. जमिनीचे तंटे, सावकाराचे कर्ज आणि कोरडवाहू शेती, हेच बहुतेकांचे प्रश्न होते. हे प्रश्न केवळ कोर्टात सुटणारे नव्हते. वसंतराव सार्वजनिक कामात उतरले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत देण्याचा हक्क मिळाला. बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवली होती आणि पेटीवर त्याच्या निशाणीचे चित्र लावले होते. काँग्रेस पक्षाची निशाणी बैलजोडी होती. या पक्षातर्फे वसंतराव पुसद मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले.

तेव्हा विदर्भ हा मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. म्हणून वसंतराव प्रथम मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेले. तेथे ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ च्या निवडणुकीत पुसदने पुन्हा वसंतरावांनाच निवडून दिले. या राज्यात त्यांनी सहकार आणि शेती ही खाती सांभाळली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर १९६२, १९६७ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत ते पुसदहूनच विजयी झाले. शेवटच्या निवडणुकीच्या वेळी पक्षाची निशाणी बदलून गाय-वासरू झाली होती.

अशा रीतीने वसंतराव एकाच मतदारसंघातून पाच वेळा आमदार झाले. राज्य दोन वेळा बदलले, राजधानी बदलली, निशाणीही बदलली. पण मतदारांचा विश्वास बदलला नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव महसूलमंत्री झाले. त्याच वर्षी ग्रामीण भागाचा कारभार लोकांच्या हाती कसा द्यावा हे ठरवण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष वसंतराव होते. १९६१ मध्ये समितीने आपला अहवाल दिला. त्यात २२६ शिफारशी होत्या. या अहवालाच्या आधारे कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, गावचे रस्ते यांविषयीचे अनेक निर्णय आता जिल्ह्यातच होऊ लागले.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. तांड्यात जन्मलेला मुलगा राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते या पदावर होते. महाराष्ट्रात इतका दीर्घ काळ दुसरे कोणीही मुख्यमंत्री राहिलेले नाही.

तो काळ सोपा नव्हता. देशात धान्याची मोठी टंचाई होती. परदेशातून गहू आणावा लागे. रेशनच्या दुकानापुढे लांब रांगा लागत. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर झालेल्या सभेत वसंतरावांनी एक मोठी प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला फाशी द्यावे, असे त्यांनी जाहीर केले.

मग त्यांनी शेतीकडे विशेष लक्ष दिले. संकरित ज्वारीचे बियाणे गावोगाव पोहोचवले. विहिरी, बंधारे आणि खते यांवर भर दिला. १९६८ मध्ये राहुरी येथे, १९६९ मध्ये अकोला येथे आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे स्थापन झाली. संकरित ज्वारीचे पीक जास्त येई. पण तिची भाकरी अनेकांना आवडत नसे आणि कापणीच्या वेळी पाऊस आला तर तिचे दाणे लवकर काळे पडत. शिवाय महाराष्ट्रातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून होती. दोन वर्षे संपली, तरी राज्याला बाहेरून धान्य आणावेच लागत होते. प्रतिज्ञा पूर्ण झाली नव्हती, पण वसंतरावांनी प्रयत्न सोडले नाहीत.

त्यांची खरी परीक्षा १९७२ मध्ये झाली. आधीच दोन वर्षे पाऊस कमी झाला होता. त्या वर्षी तर पावसाने पाठच फिरवली. विहिरी आटल्या. पिके वाळली. जनावरांना चारा मिळेना. लोकांना काम आणि अन्न दोन्ही हवे होते. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, रस्ते, बंधारे यांच्या कामांवर माणसे येऊ लागली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मजुरांना व त्यांच्या मुलांना सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ देण्यात येई. उन्हात खडी फोडणाऱ्या त्या माणसांचे हाल कमी नव्हते. मजुरी थोडी होती आणि तीही कधी कधी उशिरा मिळे. तरीही या कामांमुळे असंख्य कुटुंबांची चूल पेटती राहिली.

याच काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. या योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची होती. वसंतरावांच्या सरकारने ती स्वीकारली. जो काम मागेल त्याला काम द्यावे, हे तिचे तत्त्व होते. काम देणे ही सरकारची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, हा विचार त्यातून रुजला. १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. पुढे २००५ मध्ये संसदेनेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला.

१९७५ मध्ये वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षाचा देशभर मोठा पराभव झाला. त्या कठीण निवडणुकीतही वसंतराव वाशीम मतदारसंघातून खासदार झाले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

मुलांनो, निवडणूक जिंकणे म्हणजे लोकांचा विश्वास उसना घेणे होय. दर पाच वर्षांनी त्याचा हिशेब द्यावा लागतो. वसंतरावांची सर्वच कामे पूर्ण झाली असे नाही. पण ते पुन्हा पुन्हा आपल्या मतदारांसमोर हिशेब देण्यासाठी उभे राहिले. उद्या तुम्हीही मतदार व्हाल. कोणाचे भाषण गोड आहे हे पाहू नका. कठीण दिवसांत कोण काम करतो, हे पाहा.